पेट्युलाचं नाव बदलायचं राहिलं

मी फाटकावरचा फ्रीज बोलतोय. घाबरू नका, आत गार काही नाही. टास्मानियात, सिग्नेटच्या रस्त्याला, थेल्माच्या फाटकाशी बारा वर्षं उभा आहे. वीज नाही, दिवा नाही. पोटात अंडी ठेवायची, लोकांनी डब्यात पैसे टाकून न्यायची, एवढीच नोकरी. शिक्षण म्हणाल तर अंड्यांच्या खोक्यावर छापलंय तेवढं. दार उघडायला खाली एक लाथ लागते. तीही माझी मर्जी असेल तरच!

यंदा वरच्या कप्प्यात पुस्तकं आली. बहात्तराव्या वर्षी थेल्माने गोष्टी लिहिल्या. शहरातल्या मोठ्या प्रकाशकांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. शेवटी इंगा नावाच्या पोरीने आपल्या गॅरेजात छापल्या. बारा प्रती माझ्या पोटात ठेवत म्हणाली, "या खपल्या की दुसरं पुस्तक, थेल्मा. नाहीतर मशीन विकून गाडी आत लावते."

लोक आले, अंडी नेली. पुस्तकं तशीच. मग थेल्माच रोज सकाळी टोपी डोळ्यांवर ओढून यायची, स्वतःची एक प्रत विकत घ्यायची आणि खुराड्यात दडवायची. टोपी घातली म्हणून मी ओळखणार नाही होय? अकरा दिवस बघितलं. बाराव्या दिवशी दार धरून बसलो. तिने ओढलं, लाथा घातल्या, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी ढिम्म.

दुपारी शेजारचा क्लेम अंड्यांना आला. त्याला लगेच उघडलो. तो पुस्तक चाळत तिथेच उभा राहिला, आणि अंडी विसरून पुस्तक घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी इंगा अन् थेल्मा फाटकाशी बोलत होत्या, तोच क्लेम गरजत आला. "थेल्मा! पुस्तकात गाय मेली म्हणून ढसाढसा रडणारा तो बाप्या मीच ना?"

"छे रे! त्याचं नाव रॉडनी आहे."

"माझं नाव बदललंस, आणि गाईचं पेट्युलाच ठेवलंस? अख्खा गाव ओळखतो तिला, बाई!"

थेल्मा पांढरीफटक पडली. "तिचं बदलवेना रे."

क्लेम बाहीला नाक पुसत म्हणाला, "चार प्रती दे. बहिणींना हव्यात."

थेल्माने खुराड्यातून प्रती आणल्या. अकराही प्रतींवर कोंबड्यांची सही!

इंगाने कपाळाला हात लावला. "म्हणजे खरी एकच खपली?"

"पाच," क्लेम म्हणाला. "आणि दुसऱ्यात पेट्युलाचं बालपण येऊ दे."

इंगाची गाडी अजून पावसात भिजतेय.

तुम्ही आलात तर लाथ जरा हळू मारा, आता वय झालंय. आणि वरच्या कप्प्याकडे बघा. नुसतीच अंडी नेलीत, तर पुढच्या खेपेला दार उघडायचं की नाही, ते माझं मी बघेन.