आधी म्हातारीनं खायचं

"हळू काप गं आये, मला लिवू दे," कमळू म्हणाला आणि वहीवर वाकला.

बाईजाचे हात काही थांबणारे नव्हते. विळीवर कडूकंदाच्या पातळ चकत्या भराभर पडत होत्या.

"राख किती घालायची?"

"लागंल तवडी."

"लागंल तवडी म्हंजी किती? एक मूठ का दोन मुठी?"

"तुला मुठी मोजायच्यात का कंद खायाचाय?" बाईजा हसली. "लिवून काय हुतंय रे? करून बग."

हा कंद कमळू जन्मापासून खात आला होता. नीट केला तर अन्न, नाही तर विष, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण आता तो बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होता, आणि रोजच्या गोष्टी नव्याने विचारणं हा त्याच्या शिक्षणाचाच भाग होता.

त्याचं कॉलेज शहापूरच्या बाजूला. नाव श्रमविद्या. कला शाखेची पदवी नुसती पुस्तकं घोकून मिळू नये, मुलांचे हातही मळावेत, अशा विचाराच्या चार खादीवाल्या माणसांनी ते काढलं होतं. तिथे इतिहासाची मुलं पडक्या बारवा साफ करायची, अर्थशास्त्राची मुलं आठवडे बाजारात माळणींशेजारी बसून भाजी विकायची. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प असे, त्याला शंभर गुण. समाजशास्त्राच्या खोपकर सरांनी कमळूला विषय दिला होता, रानातलं अन्न. "तुझ्या आईकडे जे आहे ते कुठल्याच ग्रंथालयात नाही," असं सर भर वर्गात म्हणाले, तेव्हा मुरबाडच्या डोंगराखालच्या उंबरमाळवाडीचं हे पोर पहिल्यांदा ताठ बसलं होतं. वाडीत त्याच्याआधी बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. बाप लहानपणीच गेला. बाईजाने मोळ्या वाहून त्याला इथवर आणलं होतं आणि ही पदवी हातची गेली तर दुसरी कुठली वाट नव्हती.

"चकत्या राखंत उकडल्या, टोपलीत भरल्या. फुडं?"

"टोपली ओहोळात बांदायची. रातभर वरून पानी व्हायला पायजे. सकाळी काडायचा, पुन्ना शिजवायचा."

"झालं?"

"झालं कसं? आदी म्हातारीनं खायाचं. मंग खांबाची सावली उखळाशी येईस्तवर थांबायचं. घसा खाजला, जीव मळमळला, तर समदा पुन्ना ओहोळात."

"म्हातारीनंच का?"

"मंग काय पोरांनी खायाचं?" शिकून याचं डोकं फिरलं की काय, अशा नजरेने बाईजाने त्याच्याकडे पाहिलं.

बाईजाची सासू तीस वर्षं हा पहिला घास खात आली होती. ती गेली, आणि बाराव्याच्या दिवशी वाडीतल्या बायकांनी पहिली ताटली बाईजापुढे सरकवली. बावीस घरांची ती वाडी. कोणाच्याही चुलीवर कंद चढला की बाईजाला बोलावणं येई. लुगडं नीट करून ती जायची, खायची आणि उखळाकडे बघत बसायची. तोवर एकही पोर ताटाला हात लावत नसे. जन्मात तिला मिळालेला मान तो एवढाच.

कमळूने सगळं लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्याने ते वर्गात वाचलं. 'आधी म्हातारीने खायचे' इथवर आला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे तुमच्यात म्हातारीवर प्रयोग करतात?" वर्ग खदखदून हसला. खोपकर सरांनी दटावलं खरं, पण त्यांच्याही ओठांच्या कडा हलल्या होत्या. फक्त रेश्मा हसली नाही. आसनगावच्या भातशेतीवाल्या घरातली ही मुलगी सगळ्यांचे प्रकल्प सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायची. तिने विचारलं, "आणि तिला काय झालं तर रे?"

कमळूने वही मिटली. त्याचे कान तापले होते.

तासानंतर सर म्हणाले, "हे बघ, पद्धत ठेव, बाकी समजुती काढून टाक. एका पदार्थाला एक पान." सर माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर कमळू सावध तरी राहिला असता. त्याने पट्टी ठेवून म्हातारीची ओळ खोडली, आणि पान भरत आलं म्हणून ओहोळाचीही. वर लिहिलं, 'रात्रभर पाण्यात ठेवावे.' रेश्माने ते गोल अक्षरात उतरवलं.

जानेवारी २००२. कॉलेजचं स्नेहसंमेलन आणि त्यात रानातल्या अन्नाचं प्रदर्शन. बाईजा म्हणाली, "मी घरून करून देत्ये." कमळू म्हणाला, "नाय आये, थितं पोरांनीच करायचं हाय, त्याचेच मार्क हायेत. तू दुपारी ये. तुला साडी देनार हायेत."

आदल्या दिवशी त्याने पोत्यातून कंद नेले. पोरांनी चकत्या केल्या, बोटबोट जाडीच्या. राखेत उकडून त्या मागच्या अंगणातल्या निळ्या ड्रमात टाकल्या. कॉलेजजवळचा ओहोळ पौषात आटलेला. कमळूने ड्रमातलं पाणी दोनदा बदललं आणि मनाची समजूत घातली की पाणी ते पाणी. सकाळी कंद शिजला तेव्हा आधी कोणीतरी खाऊन थांबायला हवं हे त्याला आठवलं होतं. चांगलं आठवलं होतं. पण हातात द्रोण घेऊन रांग उभी होती, मागच्या बाकावरची पोरंही होती, आणि त्याला त्यांचं ते हसणं नको होतं.

"कमळूच्या घरची भाजी हाय, मी दोनदा घेनार," रेश्मा म्हणाली.

बारा वाजता बाईजा आली, दोन कोस चालून आणि मग एस.टी.ने. ठेवणीतलं लुगडं, डोक्याला तेल. प्रदर्शनाच्या मांडवात शिरताच तिने उष्टे द्रोण पाहिले.

"पयला कोनी खाल्ला?" तिने विचारलं.

प्रश्न कोणाला कळेना. कमळूला कळला, तो खाली बघत राहिला. बाईजाने पातेल्यातली एक चकती जिभेवर ठेवली आणि तिथेच थुंकली. "आरं, ह्यो धुतलाच नाय!" ती ओरडली. "कोनी खाल्ला? पोरांनी खाल्ला?"

नळाजवळ तिघं ओकत होती. रेश्मा भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धवट मिटलेले. बाईजाने तिला मांडीवर घेतलं, गालावर चापट्या मारल्या, "पोरी, झोपू नको गो," म्हणत राहिली. जीप आली. बाकीची पोरं दोन दिवसांनी उठून बसली. रेश्मा कल्याणच्या वाटेवरच गेली.

आठव्या दिवशी कॉलेजने बाईजाला बोलावलं. कमळूला आधी आत घेतलं. खोपकर सरांची दाढी वाढली होती आणि ते त्याच्याकडे न बघता बोलत होते. "चौकशी येणार आहे, कमळू. कॉलेज बंद पडलं तर तुझ्यासारख्या तीस मुलांचं काय? तुझं वर्षही जाईल. माहिती जिने दिली तिने तशीच दिली होती, एवढंच आपण लिहितोय. तिला कोण काय करणार आहे?"

चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. कमळूच्या पिशवीत ती वही होती. पट्टीने खोडलेल्या ओळी अजून वाचता येत होत्या. वही काढून टेबलावर ठेवायला कितीसा वेळ लागला असता? त्याने ती काढली नाही.

बाईजाला आत बोलावलं, तिच्यापुढे कागद आला. चार ओळी. 'कडूकंद रात्रभर पाण्यात ठेवला की खाण्यास योग्य होतो, असे मीच माझ्या मुलास सांगितले.'

"काय लिवलंय?" तिने कमळूला विचारलं.

"तुजं नाव, गाव. आनि तू कंद करत्येस ते."

"करत्येच की," बाईजा म्हणाली आणि तिने अंगठा पुढे केला. शाई पुसायला खोपकर सरांनी आपला रुमाल दिला.

कमळू पास झाला. कॉलेजही टिकलं.

उन्हाळ्यात रेश्माचा बाप, चंदर, वाडीत आला. ओसरीवर बसला नाही, पाणी घेतलं नाही. खिशातून कागदाची झेरॉक्स काढून त्याने बाईजापुढे धरली. "मावशे, ह्यो तुजा आंगठा ना? रातभर पान्यात ठेवला की झालं, आसं तू सांगितलंस? माजी येकच पोर व्हती गो." वाडी ऐकत उभी होती. बाईजाने कागदाकडे पाहिलं, मग कमळूकडे. कमळू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. ती चंदरला एवढंच म्हणाली, "तिला मी मांडीवर घेतली व्हती." मुलाचं नाव घेतलं नाही. चंदर कागद तिथेच टाकून गेला.

त्या साली कोणाच्या चुलीवर कंद चढला तरी बाईजाला बोलावणं आलं नाही. पहिली ताटली दुसऱ्या म्हातारीपुढे, भिमीपुढे गेली. बाईजा लुगडं नीट करून दारात बसायची आणि संध्याकाळी उठायची.

कमळूला मुरबाडला एका कचेरीत कारकुनी मिळाली, लग्न झालं, पोरगी झाली, काजल. बी.ए. ही अक्षरं नावापुढे लावायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं. २००९च्या दिवाळीनंतर तो वाडीवर आला तेव्हा बाईजा हाडांचा सापळा झाली होती. खोकला राहत नव्हता. तरी तिने कंद आणवले, ओहोळात टोपली बांधवली आणि सकाळी स्वतः चूल पेटवली.

ताटल्या वाढल्या तेव्हा काजल हात घालायला धावली. कमळूने तिला धरलं आणि पहिली चकती स्वतः उचलली. बाईजाने त्याच्या मनगटावर हात ठेवला. हाताला वजन उरलं नव्हतं.

"तू नको. अजून म्हातारी हाय घरात."

तिने खाल्लं, सावकाश चावून, आणि अंगणातल्या उखळाकडे तोंड करून बसली. खांबाची सावली अजून लांब होती. मग तिने पेटीतून चंदरने टाकलेला, घडी पडून पिवळा झालेला कागद काढला.

"सावली येईस्तवर वाच. सात वर्सं इचारीन म्हनते."

कमळूने कागद उघडला. तो वाचू लागला. "मी बाईजा, राहणार उंबरमाळवाडी. कडूकंदाच्या चकत्या पातळ कराव्यात. राखेत उकडून टोपली वाहत्या ओहोळात बांधावी. रात्रभर वरून पाणी जावं. सकाळी पुन्हा शिजवावा. आधी घरातल्या म्हातारीने खावं. खांबाची सावली उखळाशी येईपर्यंत थांबावं. तोवर पोरांना देऊ नये. हे सगळं मी माझ्या मुलाला सांगितलं होतं. त्याने ते लिहूनही घेतलं होतं." एवढं म्हणून त्याने कागद खाली ठेवला.

बाईजाने कागद आपल्याकडे ओढला आणि ओळींवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, चार.

"येवडं समदं हितं बसलं?" ती म्हणाली.

कमळू रडत होता. बाईजाने कागदाची घडी घातली, होती तशी, आणि पदराखाली ठेवली. काजल ताटलीसमोर बसून होती. तिघंही उखळाकडे बघत राहिली. सावली आखडत आखडत उखळाच्या कडेला टेकली तेव्हा बाईजाने एक आवंढा गिळून घसा तपासला आणि ताटली मुलापुढे सरकवली.

"खा आता," ती म्हणाली. "चांगला झालाय."