हवाबंद टोपण

दाजी पेट्रोल चोरतात, हे मी मनाशी ठरवून टाकलं तेव्हा पुरावा म्हणून माझ्याकडे फक्त एक वास होता.

आमचा लोखंडी कपाटांचा छोटा कारखाना. कपाटं मी बनवतो, त्यांना कुलपंही मीच बसवतो, आणि आमच्या पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या ट्रकमधून ती पोचवतात माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चौदा वर्षं झाली. पण गेले तीन महिने रोज दुपारी माल भरून झाला की दाजी केबिनमध्ये चढायचे, चावी फिरवायचे आणि पेट्रोलचा असा भपकारा यायचा की शेजारी उभ्या माणसाचे डोळे चुरचुरावेत. ट्रक निघून गेला तरी वास आवारात रेंगाळायचा, आणि माझ्या डोक्यात संशय.

संशयाचं मूळ म्हणाल, तर तीन महिन्यांपूर्वी एकदा पेट्रोल नेहमीपेक्षा दोन दिवस आधी संपलं. त्याच आठवड्यात टेकडीवरच्या शाळेला अठ्ठावीस कपाटं पोचवली होती, हे मला आठवलं नाही. खरं सांगायचं तर आठवायचं नव्हतं. कुलपं करणाऱ्या माणसाला सगळं जग उघडं पडलेलं दिसतं. मी लेथवर टाकीसाठी नवं टोपण केलं. जाड, पितळी, आतून रबराची चकती आणि वर कुलूप. बसवताना दाजींना मुद्दाम ऐकवलं, "हवासुद्धा जाणार नाही यातून." दाजी हसले नाहीत. त्या दिवसापासून सकाळी पेट्रोल भरताना कुलूप मीच उघडायचो, मीच लावायचो, आणि चावी माझ्या कमरेला.

आठवड्याभरातच ते म्हणाले, "ते टोपण काढ बाबा. गाडीचा दम कोंडतोय."

मी मनात म्हटलं, वा रे वा! चोराला कुलूप नकोच असणार.

मग काय, बघावं तिकडे पुरावे. वास येतोय, म्हणजे कुठून तरी नळी घालून पेट्रोल काढलं जातंय. दोन तासांच्या फेरीला साडेतीन तास लागायला लागले. विचारलं तर उत्तर एवढंच, "बंद पडली होती, थांबलो होतो." आणि सीटखाली पोत्यानं झाकलेलं काहीतरी. मी वाकून बघायला गेलो तर दाजी खेकसले, "हात लावू नकोस तिथं, सांडेल!" सांडेल म्हणे. आता आणखी काय हवं होतं?

रविवारी ताईकडे गेलो. अंगणात दोरीवर दाजींचे शर्ट वाळत होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी एकाची बाही नाकाला लावली. साबणाचा वास. दुसऱ्याची लावली. तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला.

"धुतलेत रे मी ते. चांगले घासून धुतलेत."

शिवण बघत होतो, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"तू त्यांच्याकडून ट्रकची चावी काढून घेणार आहेस, कळलंय मला," ताई म्हणाली. "घे. पण आधी चोरी सिद्ध कर. ती न करता चावी मागितलीस, तर या घरात पाऊल टाकायचं नाही."

ताई चिडली की ओरडते, आणि ओरडली की मला बरं वाटतं. त्या दिवशी ती हळू बोलली. आई गेल्यावर मला तिनंच लहानाचं मोठं केलं. ते घर तुटलं असतं तर मला जायला दुसरं घर नव्हतं.

म्हणून सोमवारी गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. टाकीला कुठेतरी पाडलेलं भोक तो दाखवेल आणि ताईसमोर मी ताठ मानेनं उभा राहीन, असा माझा हिशेब. मिस्त्री अनुभवी, पण कसल्याशा आजारात त्याचं नाक कायमचं गेलेलं. नाक गेलेला माणूस वास शोधणार, म्हणजे झालंच कल्याण!

माल भरून ट्रक उन्हात उभा होता. दाजी भिंतीच्या सावलीत बसून सगळं बघत होते.

"वास मला येणार नाही," मिस्त्री म्हणाला. "तो तू घे आणि मला सांग. सकाळी पहिल्यांदा चालू करता तेव्हा येतो?"

"नाही. दुपारी."

"कडक ऊन असलं की जास्त?"

मला विचार करावा लागला. "हो. गेल्या आठवड्यात दोन दिवस ढग होते, तेव्हा आलाच नव्हता."

"मग तुझा चोर ढग बघून सुट्टी घेतो काय?"

भिंतीकडून खोकल्याचा आवाज आला. दाजी खोकले की हसले, कळलं नाही. मला दोन्हीचा राग आला.

मिस्त्री ट्रकखाली सरपटत गेला. पांढरं फडकं टाकीवरून फिरवलं, नळीवरून शेवटपर्यंत फिरवलं. फडकं कोरडंच. मग बॉनेट उघडून त्यानं कार्बुरेटरला हात लावला. पेट्रोलमध्ये हवा मिसळून ते इंजिनाला देणारा हा भाग बाहेरून ओलाचिंब होता. अजून चावीसुद्धा फिरवली नव्हती आणि त्यावरून थेंब खाली इंजिनावर पडत होते. मिस्त्रीनं तो खोलला, पेट्रोल अडवणारी आतली सुई डोळ्यांजवळ धरून निरखली, परत बसवली.

"यात काही बिघाड नाही. हे उतू जातंय, कारण मागून कुणीतरी रेटतंय."

'कुणीतरी' म्हटल्याबरोबर मी दाजींकडे बघितलं. मिस्त्री मात्र टाकीकडे गेला.

"हे टोपण कुणी केलं?"

"मी," मी म्हणालो. लाज वाटायच्या ऐवजी, काय सांगू, अभिमान वाटला.

"उघड."

मी कुलूप काढलं, टोपण दोन आटे फिरवलं, आणि ते हातातून उडालंच. फुस्स करून वाफ तोंडावर आली. तोच वास. तीन महिने मी ज्याच्या मागावर होतो तो वास माझ्याच टोपणाखाली कोंडलेला होता.

"जुन्या टोपणाला बारीक भोक असतं," मिस्त्री म्हणाला. "टाकीला श्वास घ्यायला. तू ते बुजवलंस. उन्हात पेट्रोल तापतं, वाफेला जायला वाट नाही, मग ती पेट्रोलला पुढे ढकलते आणि ते इंजिनावर सांडतं. आणि लांब पल्ल्याला याच्या उलट. पेट्रोल कमी होतं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकी पेट्रोल सोडत नाही. गाडी बंद. अर्धा-पाऊण तास थांबलं की टाकी तापून परत चालू." त्यानं हात पुसले. "चालवतं कोण ही? जिवंत आहे ना? गरम इंजिनावर पेट्रोल सांडत होतं. एक ठिणगी पुरे होती."

दाजी उठले. केबिनचं दार उघडून त्यांनी सीटखालचं पोतं बाजूला केलं. खाली बादली होती, काठोकाठ वाळूनं भरलेली. आग लागलीच तर हाताशी असावी म्हणून ठेवलेली. वाळूवर फडक्यात गुंडाळलेलं जुनं टोपण. मी ते भंगारात फेकलं होतं. दाजींनी भोकात फुंकर मारली आणि ते टाकीवर बसवलं. मिस्त्रीनं कार्बुरेटर पुसून घेतला. दाजींनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. वास नाही.

"दाजी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की."

"एकदाच!"

"दुसऱ्यांदा बोललो असतो तर तुझी खात्रीच पटली असती," दाजी म्हणाले. "मी वाट बघत होतो, कधीतरी सरळ विचारशील. तू नुसता वास घेत फिरलास."

त्यांनी इंजिन बंद केलं आणि ट्रकची चावी माझ्या हातात ठेवली. "चोर म्हणून जायचं नव्हतं. आता जातो." आणि ते पायी घरी निघून गेले.

मी ऊन उतरायचीही वाट पाहिली नाही. ताईच्या घरी पोचलो तेव्हा दाजी पायरीवर बसले होते. चावी मी त्यांच्या शेजारी ठेवली. रस्ताभर बरंच काही घोकलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "चुकलो. माझ्या कुलपापायी तुम्ही रोज मरणावर बसून गाडी चालवलीत, आणि मी तुम्हाला चोर समजत राहिलो. उद्या या. हात जोडतो."

दाजींनी चावी उचलली नाही, बाजूला सारलीही नाही. "तुझ्या बहिणीला विचार."

ताई दारात उभी होती. "झालं सिद्ध?"

"चोरी नव्हती, ताई."

ती पायऱ्या उतरून माझ्या शेजारून अंगणात गेली. दोरीवरचे दाजींचे शर्ट एकेक करून काढले, चिमटे पदरात घेतले, सगळं आत नेऊन ठेवलं. मग आतून म्हणाली, "ये आता."