थोट्या राजाचा उजवा हात

कारखान्यात त्याला सगळे उस्ताद म्हणत, आणि तिथेच घोळ झाला. पस्तीस वर्षं पदकांचे ठसे कोरल्यावर माणसाच्या डोक्यात हवा जाणारच की! कंपनीची शंभरी आली, पदकावर थोटा राजा हवा असं ठरलं. आठशे वर्षांपूर्वी लढाईत उजवा हात गमावून डाव्याने तलवार चालवणारा हा राजा शेंबड्या पोरालाही ठाऊक.

ठसा उलटा कोरायचा, तेव्हा पदक सुलटं निघतं. पक्का करण्याआधी तो मेणावर दाबायचा, तपासनिसाने बघायचं आणि सही करायची. तपासनीस म्हणजे उस्तादचा साडू. त्या दिवशी उस्तादने मेण दाबलंच नाही, नुसता कागद पुढे सरकवला.

"करा हो सही, साडूबुवा! माझं काम काय आज बघताय?"

कामाच्या ढिगाऱ्यात बुडालेल्या साडूने हसत सही ठोकली.

सहाशे पदकं निघाली, आणि झाडून सगळ्यांवर राजाच्या उजव्या हातात तलवार! साहेब कडाडले, "कोरणारा चुकणारच, म्हणून तर तपासनीस ठेवलाय!" उस्तादच्या तोंडाला कुलूप. साडूची रवानगी गोदामात, खोकी बांधायला. उस्तादने चार दिवसांत ठसा नव्याने कोरला, म्हणून समारंभात पहिलं पदक त्यालाच मिळालं. टाळ्या वाजत होत्या आणि त्याला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

रविवारी बायकोने त्याला साडूकडे पिटाळलं. साडूने पदक मागून घेतलं, खिडकीशी धरून राजाच्या हातावरून अंगठा फिरवला.

"आता बरोबर आहे. डावा." मग पदक परत देऊन, आवाज खाली आणून म्हणाला, "हिला सांगू नका, घाबरेल. डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहेत. मग डोकंच गेलं का हो माझं? रोज इतकी मेणं बघायचो, नेमकं ते एक काही केल्या आठवत नाही."

उस्ताद शरमेने अर्धमेला झाला.

"मेण नव्हतंच," तो म्हणाला. "मी दाबलंच नव्हतं. फसवून सही घेतली तुमची, आणि साहेबांपुढे मूग गिळून बसलो. उद्या जाऊन सांगतो त्यांना."

आता साडू शिव्या घालेल, घराबाहेर काढेल, म्हणून तो मान खाली घालून बसला. काढलं असतं तर फार बरं झालं असतं. पण साडूचं शेवटच्या वाक्याकडे लक्षच नव्हतं.

"अगं, ऐकलंस का? डोकं शाबूत आहे माझं!" असं ओरडत तो स्वयंपाकघरात धावला.

आतून मेव्हणीच्या हुंदक्यांचा आवाज आला. म्हणजे साडूच्या मनातली धास्ती तिलाही ठाऊक होती, आणि महिनाभर तीही भीत होती. उस्ताद पदक हातात घेऊन तसाच बसून राहिला.