पातळ रक्त

"रक्त पातळ करायचं?" आई डॉक्टरीणबाईंवर उसळलीच.

आईने उभा जन्म दूध विकलं. तिच्या लेखी पातळ म्हणजे पाणी घातलेलं, आणि त्याहून मोठी शिवी तिच्या दुकानात नव्हती. "माझ्या लेकीचं रक्त चांगलं दाट आहे, ते दाटच राहू द्या. आधीच दोनदा पोट रिकामं झालंय तिचं. आता तिसऱ्या खेपेला आणखी अशक्त करता?"

डॉक्टरीणबाई सोशिक होत्या. "अहो आजी, तीच तर पंचाईत आहे. तिचं शरीर तिच्यावरच उलटतं आणि रक्ताच्या बारीक गुठळ्या होतात. बाळाला ज्या वारेतून रक्त मिळतं, तिथे त्या अडकल्या की बाळ उपाशी."

आई म्हणाली, "म्हणजे नासतं म्हणा की."

"तसंच म्हणा."

आईला एकदाचा आजार समजला आणि माझ्या मागे भुणभुण लागली. ती माझ्याकडेच राहायला आली. सकाळी डोळा उघडायच्या आत विचारायची, "इंजेक्शन घेतलंस?" मी शाळेचे गणवेश शिवते, सुयांशी माझी रोजची ओळख. तरी स्वतःच्याच पोटाची चिमूट धरून टोचताना हात अडायचा. नवऱ्याकडून मदतीच्या नावाने शून्य. भर गर्दीतून बस काढणारा हा माणूस, सुई बघितली की घामाघूम व्हायचा. माझ्या पोटावरचे हिरवे-निळे डाग पाहून म्हणाला, "नकाशा झालाय गं."

"मग त्यात घरी लवकर यायचा रस्ता शोध," मी म्हटलं.

बाळ हलायला लागलं तेव्हा मला इतका आनंद झाला की गिऱ्हाइकांशी भांडणंसुद्धा मी हसत हसत केली. पहिली दोन इतकी टिकलीच नव्हती. पण प्रत्येक तपासणीच्या आदल्या दिवशी माझं ताट तसंच राहायचं. आई म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. गप जेव."

एक दिवस मशीनवर बसल्या बसल्या लक्षात आलं, सकाळपासून बाळ हललेलं नाही. हातातला स्कर्ट अर्धा टाकून तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा हळूच स्वतःकडे वळवला. मला तेवढ्यानेच कळलं.

मुलगी होती.

"तुम्ही सगळं नीट केलंत," त्या माझा हात धरून म्हणाल्या. "औषधानेही कधीकधी नाही वाचत." मला त्यांचा संताप आला. माझं काही चुकलं असतं तर बोल लावायला निदान मी तरी होते. आता कुणावर ओरडू?

घरी सोडताना नर्सने इंजेक्शनांची नवी पिशवी हातात दिली. "अजून काही आठवडे घ्यायची हं. बाळंतपणानंतर तुम्हालाच गुठळीचा धोका जास्त."

बाळंतपण! हा शब्द असा झोंबला की मी तिला धड उत्तरही दिलं नाही.

घरी आल्यावर मी पिशवी कोपऱ्यात भिरकावली. नवरा दाराशी उभा राहून लहान पोरासारखा रडत होता. त्याची समजूत काढायचं त्राण माझ्यात नव्हतं.

आई पिशवी उचलायला वाकली. मी म्हणाले, "राहू दे ती. कुणासाठी टोचून घेऊ आता? जिच्यासाठी घेत होते, ती गेली."

आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हात धुऊन आली, पिशवीतलं एक इंजेक्शन काढलं, टोपण ओढलं. तिने आयुष्यात कुणाला सुई टोचली नव्हती. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"तुझी लेक गेली," ती म्हणाली. "माझी आहे अजून. पोट उघड."

मी कुर्ता वर केला.