नकाशात अडकलेले अकरा सेकंद

मी एक आवाज बोलतोय. लांबी अकरा सेकंद, वजन दोन एमबी. एका लॅपटॉपवरच्या खेळाच्या नकाशात राहतो, आणि त्या खेळात मला आजवर कुणीच ऐकलेलं नाही. आवाज असून मुकाट बसायचं, याहून मोठा धक्का आवाजाला काय बसणार? पण माझ्या एवढ्याशा आयुष्यात धक्क्यांची नुसती रांग लागली. पहिला तर जन्मतानाच बसला.

जन्म लोहाऱ्याजवळच्या एका माळावर झाला. कोंडीरामआबांनी पन्नास वर्षं मेंढरं राखली. गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी त्यांची नात शिवांजली हट्टच धरून बसली, की मेंढरांना मारता ती हाक मला फोनमध्ये घेऊ द्या. तिनं फोन चालू करून एका दगडावर ठेवला आणि मेंढरं लांब पिटाळायला स्वतः धावत गेली. हाक खोटी वाटायला नको, एवढाच हेतू.

आबांनी हाक मारली. "हुर्र्र... या, या, या." तीन सेकंद. मेंढरं उधळत आली, बँ बँ सुरू झालं. आणि त्या गलक्यात आबा दगडावरच्या फोनकडं बघून हलक्या आवाजात बोलले, "धुरपदा, भिऊ नगं. येतो म्या माघारी."

मी हबकलोच. धुरपदाबाई म्हणजे त्यांची बायको. त्या घरात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. यांनी "अगं" म्हणायचं, तिनं "अवो" म्हणायचं, एवढ्यावर त्यांचा सत्तेचाळीस वर्षांचा संसार झाला. तोंडावर बोलणं जमेना म्हणून या माणसानं ते फोनला सांगितलं. बाई त्या वेळी घरात दवाखान्याची पिशवी भरत होती. शिवांजली मेंढरांच्या मागं होती. म्हणजे हे बोलणं ऐकलेला मी एकटाच. निरोप माझ्यापाशी आला, पण मला पाय नाहीत.

आबा वाचले. आवाज गेला. आता ते हातानं बोलतात, आणि घाईत असले की काठी आपटतात.

शिवांजली उमरग्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिला एका खेळाचा भारी नाद. गावं वसवायची, फौज जमवायची, राज्य वाढवायचं, असला तो खेळ. त्याच्यासोबत नकाशा बनवायचं एडिटर मिळतं. तिनं त्यात आपलाच माळ केला, तलाव केला, मेंढरं सोडली, एक मेंढपाळ उभा केला. त्या मेंढपाळावर क्लिक केलं की त्यानं आबांच्या आवाजात हाक मारावी, एवढं तिला हवं होतं. आबांचा आवाज कुठंतरी रोजच्या वापरात राहावा, असं ती मल्लेशला फोनवर म्हणाली. मल्लेश तिच्या वर्गातला, या खेळातला जाणकार.

मला लॅपटॉपवर घेतलं, खेळाला चालेल अशा फाइलीत बदललं आणि नकाशात आणलं. एडिटरमध्ये मी खणखणीत वाजलो. पहिले तीन सेकंद ऐकून पोरगी एवढी खूश झाली, की पुढचं न ऐकताच तिनं मला थांबवलं आणि खेळ सुरू केला. मेंढपाळावर क्लिक केलं. मी छाती भरून तयार, आणि त्याच्या तोंडून कुणी परदेशी गडी इंग्रजीत हुकूम विचारू लागला! माझ्या जागेवर तो बसलेला. मला धक्का, शिवांजलीला त्याहून मोठा.

मग खटपट सुरू झाली. मल्लेश म्हणाला, मूळ आवाजाच्या फाइलीचा खेळात जो पत्ता असतो तोच हुबेहूब द्यावा लागतो, नाहीतर खेळ जुनाच आवाज उचलतो. माझा पत्ता चुकला होता. तिनं माझी दुसरी प्रत आणली, पत्ता बरोबर दिला, तर मेंढपाळ एकदम मुका. मल्लेशनं सांगितलं, फाइल मोनो कर, म्हणजे दोन कानांचे दोन आवाज एकात मिसळ. केली. तरी मुका. मग म्हणाला, खेळ पूर्ण बंद करून परत चालू कर, आणि आवाज तीन सेकंदांच्या वर नको.

तिनं कात्री चालवली. हाक ठेवली, उरलेले आठ सेकंद मेंढरांचा गोंगाट समजून उडवले, आणि खेळाला तेच नाव हवं म्हणून जुन्या फाइलीवरच नवी सेव्ह केली. फोन सारखा अडकतो म्हणून तो तिनं आधीच्या आठवड्यातच साफ करून आणला होता. दगडावरचं मूळ रेकॉर्डिंग तेव्हाच पुसलं गेलं होतं.

मेंढपाळ बोलला! आबांच्याच आवाजात, अगदी हुबेहूब. शिवांजली नाचली. मी मात्र थिजून गेलो. एडिटर आणलेल्या प्रत्येक फाइलीची प्रत नकाशातच ठेवतं, म्हणून मी वाचलो होतो. "धुरपदा" म्हणणारे आबा आता अख्ख्या जगात या नकाशातच उरले होते, आणि मी होतो फसलेल्या फाइलींच्या यादीत.

परवाच्या रविवारी दुपारी ती यादी उघडली गेली. नकाशा मल्लेशला पाठवायचा होता आणि तो फार जड झाला होता. शिवांजली न वापरलेल्या फाइली एकेक करून पुसायला लागली. एक गेली, दोन गेल्या. शेजारी धुरपदाबाई शेंगा फोडत होती, दारात आबा बसले होते.

"काय पुसून टाकाय लागलीस गं?" बाईनं विचारलं.

"आबांचाच आवाज हाय, आज्जी. बिघडलेला."

बाईचा हात शेंगेवरच थांबला. "बिघडला म्हून टाकायचा व्हय? लाव बघू."

शिवांजलीनं मला लावलं. हाक झाली. तिचं बोट थांबवायला निघालं, तोच आज्जीनं मनगट धरलं. मेंढरं ओरडली. मग आबा बोलले, नाव घेऊन.

मी थांबलो. शिवांजलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. काय कापून टाकलं ते तिला आता कळलं होतं. आबांनी मान खाली घातली आणि काठीनं जमीन उकरायला लागले, चोरी पकडल्यासारखे. धुरपदाबाईनं पदर सावरला. नवरा चार हातांवर बसलेला, पण ती माझ्याकडं, लॅपटॉपकडं बघत बोलली.

"भ्याले हुते की म्या. लई भ्याले हुते."

आबा उठले, तिच्याजवळ येऊन बसले आणि तिच्या सुपातल्या शेंगा फोडायला लागले.

मी अजून त्याच नकाशात आहे, शिवाय शिवांजलीनं माझ्या आणखी तीन प्रती करून ठेवल्या आहेत. पोरी, तुझ्यावर माझा राग नाही. फक्त मला खेळात वाजवायची खटपट आता सोड. तुझ्या मेंढपाळाला तीन सेकंद पुरतात. उरलेले आठ या बाईचे आहेत.