इमोजीनची साक्ष
व्हर्लीनला किडनीचा कॅन्सर झाला तो अमेरिकी मरीन सैन्याच्या तळावरच्या पाण्यामुळे. तिथल्या नळाच्या पाण्यात रसायनं मुरली होती, हे आता कुणीच नाकारत नव्हतं. पण व्हर्लीन त्या तळावर राहिली होती, हेच तिच्या भरपाईच्या दाव्यात सरकार मान्य करेना. घर नवऱ्याच्या नावावर. नवरा गेला, कागद कधीच गहाळ झाले. शेजाऱ्यांपैकी नॉर्थ कॅरोलायनात उरली होती एकटी इमोजीन स्ट्राउड, आणि दोघींचं तळावरच्या दिवसांपासून बोलणं नव्हतं.

"ती माझ्या बाजूनं बोलणार नाही," व्हर्लीन आपल्या वकिलाला म्हणाली. "पण बोलवा. गप्प बसणंही तिला जमत नाही."

साक्षीला इमोजीन मोत्यांची माळ घालून, काठी टेकत आली. सरकारी वकील प्रुइटनं विचारलं, "या बाईंना ओळखता?"

इमोजीननं व्हर्लीनला आपादमस्तक न्याहाळलं. "नाही बाई, आठवत."

प्रुइटची कळी खुलली. व्हर्लीन आपल्या वकिलाकडे झुकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजली, "तळावरच्या पाककलेच्या स्पर्धेत पीचच्या पायचं पहिलं बक्षीस हिनंच लाटलं. पीच मात्र डब्यातले होते."

"डब्यातले?" इमोजीन ताडकन उठली. "माझ्या झाडाचे होते, भवाने! तीन उन्हाळे तुझ्या नळाला नळी लावून जगवलं मी ते झाड. तूच नाही का खिडकीतून बोंबलायचीस, पाणी चोरते म्हणून?"

"तिच्या नळाला?" प्रुइटचा आवाज बारीक झाला.

"मग काय! आमच्या नळाला कुठली धार?"

टंकलेखिकेनं ते सगळं टिपून घेतलं. मग आपण काय कबूल करून बसलो, ते इमोजीनच्या लक्षात आलं. ती हळूच खाली बसली.

"हस आता. पोट धरून हस."

व्हर्लीन हसली नाही. "ते पाणी तूही प्यायलीस, इमोजीन. तब्येत कशी आहे?"

इमोजीननं गळ्यातली माळ सरळ केली. "मूत्राशयाचा कॅन्सर. दोनदा ऑपरेशन झालं."

"आणि दावा?"

"मेजरच्या बायकोनं सैन्यावर दावा लावायचा?"

"मेजरच्या बायकोनं शेजारणीचं पाणी चोरलेलं चालतं वाटतं!"

हिवाळ्यात व्हर्लीनचा दावा मंजूर झाला. त्याच आठवड्यात फोन वाजला.

"तुझ्या त्या वकिलाचा नंबर दे," इमोजीन म्हणाली. "आणि उगाच गप्पा मारत बसू नकोस."

व्हर्लीननं खुर्ची ओढली, पाय पसरले आणि तळावरच्या एकेका बाईची खबर काढायला सुरुवात केली. इमोजीननं काही फोन ठेवला नाही.