मयत मालकाची बोट

"काय ओ गुरुप्रसाद, बाकीच्या बोटी वादळाचा इशारा बघून माघारी फिरल्या. आमचीच कशी अजून बाहेर? पोरगा ऋत्विक आहे ना माजा तिच्यावर! फोन लागत नाय मेल्याचा."

मालन मिरकरवाडा बंदरावरून फोनवर ओरडत होती. खोल समुद्रात फोन लागत नाहीच. तिथे बोटीवरच्या उपग्रहाच्या डब्यावर इशारा जातो. तो पाठवणारा प्रोग्रॅम गुरुप्रसादने जुन्या पुस्तकांवरून शिकून लिहिला होता. पुढे कंपनीने सर्व्हर पुण्याला नेला आणि त्याला रत्नागिरीच्या एका खोलीत फोन घ्यायला बसवलं.

त्याने यादी उघडली. मालनच्या बोटीला इशारा गेलाच नव्हता.

डेस्कटॉपवरून तो पुण्याच्या सर्व्हरला जोडला गेला. तिचा बोट नंबर घालून प्रोग्रॅम एकेक ओळ थांबवत चालवला. दोनशे बाराव्या ओळीवर नंबर गळाला. ओळ नवी होती : मालक मयत असेल तर वगळा.

तो शिव्या देत उठला आणि पुन्हा बसला. बाप मेल्यावर बोट नावावर करून घ्यायला इथे कोणाला सवड असते? नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, तरी मालनची बोट त्याच्याच नावावर. असल्या एक्केचाळीस बोटी निघाल्या. ही ओळ लिहिणाऱ्यांनी समुद्र पाहिला तो हॉटेलच्या खिडकीतून.

त्याने पुण्याला सर्व्हर सांभाळणाऱ्या ओमकारला फोन लावला.

"सर, चालू सर्व्हरला हात लावू नका. तक्रार नोंदवा, उद्या मीटिंगमध्ये घेतो."

"उद्यापर्यंत वादळ धरून ठेवता काय, साहेब?"

"सर, नोकरी जाईल तुमची."

गुरुप्रसादने फोन ठेवला. ओळ खोडली. तिथे टीप लिहिली : माणूस गेला तरी बोट समुद्रात जाते. फाइल जतन केली, इशारा पुन्हा सोडला.

डब्यांची पोच येऊ लागली. वीस. तेहेतीस. अडतीस. मालनची नव्हती. एकोणचाळीस.

पडदा थिजला. पुण्याहून जोडणी तोडली होती. पासवर्ड दिला, घेतला नाही. परत दिला.

तो स्कूटर काढून बंदरावर गेला. वारा अंगावरचा शर्ट ओढत होता. दोन तास तो बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला. बोटी येत होत्या, एकेकीचा नंबर तो वाचत होता.

अंधारायच्या जरा आधी मालनची बोट आली.

"मेल्या, जीव घेतलास माजा!" मालन धावली.

"आये, डबा वाजला तसा लगेच फिरलो ना!"

बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभ्या खलाशाने दोर उचलला. "ओ काका, मधी काय उभे? सरा बाजूला!"

गुरुप्रसाद बाजूला सरला.